लिफ्ट बंद आहे, कृपया जिना वापरावा

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांगातली जेवढी अंगं सध्या वाकतात तेवढ्यांचा नमस्कार स्वीकारावा. (मांड्या, पोटऱ्या आणि कंबर यांचा नमस्कार त्या वाकायला लागल्या की वेगळा पाठवतो.) तुमचा गुडघा काय म्हणतो? खोकल्याचं औषध पोटात जातंय की कपाटात ठेवून नुसतं त्याच्याकडे बघणं चाललंय? फोनवर विचारलं असतं, पण तुम्ही फोन उचलत नाही, आणि चुकून उचललात तर 'सगळं ठीक, ठेव' म्हणून मी तोंड उघडायच्या आत ठेवूनही देता. म्हणून पत्र. पत्र निदान मधेच ठेवता येत नाही (ठेवता येतं, पण मला ते कळत नाही, तेवढंच समाधान). आमच्याकडे सर्व क्षेमकुशल आहे, असं इथे लिहायची रीत आहे. क्षेम आहे मामा. कुशल मात्र गेल्या महिन्यात एका लिफ्टच्या छतात अडकलं होतं, आणि त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल भाच्याने नेहमीप्रमाणे शेंडी आधी दाखवली आणि डोकं मागाहून. या लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात मला तुम्हीच आणलंत. पाना कसा धरायचा, दोराला तेल किती लावायचं, आणि बंद लिफ्टच्या इमारतीत गेल्यावर कपाळाला हात न लावता आधी सगळ्या मजल्यांचे दरवाजे नीट लागलेत का ते कसं बघायचं, हे सगळं तुमच्या हाताखाली शिकलो. तेव्हा माझी अंगकाठी कशी होती आठवतं? याला पंख्याखाली उभा करू नका, असं मामी म्हणायची. लिफ्ट बंद असेल तिथेच आपलं काम, म्हणजे दिवसभर जिने. व्यायाम हा शब्द मी फक्त शाळेच्या पुस्तकात वाचला होता. मग मला बढती मिळाली. बढती म्हणजे माणूस वर चढतो असं मला वाटायचं. साफ चूक! बढती म्हणजे माणूस बसतो. गेली काही वर्षं मी ऑफिसात तक्रारींच्या फोनवर बसलोय, आणि बसता बसता पसरलोय. हे लक्षातही आलं नसतं, कारण माझ्या खुर्चीला हात नाहीत.

तर गेल्या महिन्यात आमचे दोन मेकॅनिक एकदम रजेवर गेले आणि नेमकी तेव्हाच तक्रार आली, की दवाखान्यांच्या एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबली आहे आणि आत तिघंजण आहेत. माझ्यातला जुना वाघ जागा झाला. म्हटलं, मीच जातो. गेलो, वरच्या मजल्याचं दार किल्लीने उघडलं, केबिनच्या छतावर उतरलो, छतातली झडप उचलली, आतल्या मंडळींना घाबरू नका म्हणून सांगितलं आणि पाय खाली सोडले. पाय गेले. मांड्या गेल्या. त्यानंतर मामा, काहीही गेलं नाही. मी हबकलोच! ज्या झडपांमधून मी शिट्टी वाजवत उतरायचो, त्यांच्यातलीच एक माझ्या पोटाला मिठी मारून बसली. वर जाता येईना, खाली जाता येईना. आत एक नाच शिकवणाऱ्या बाई होत्या, एक चष्म्यांचे विक्रेते होते आणि एक आजोबा होते, ज्यांची दाढ नुकतीच काढलेली होती. तिघांना माझे फक्त पाय दिसत होते. नाचाच्या बाईंनी 'श्वास सोडा, पोट आत, खांदे मोकळे' अशी शिकवणी सुरू केली, विक्रेत्यांनी माझे तळवे धरून मला वर ढकलायला घेतलं (मला गुदगुल्या होतात हे त्यांना कोण सांगणार?), आणि आजोबांनी काय करावं? गालात कापूस कोंबलेला असताना त्यांनी भिंतीवरचा तक्रारींचा नंबर लावला आणि आमच्याच ऑफिसला कळवलं, की तुमचा माणूस आला होता, तोही अडकला, आता दुसरा पाठवा. मी इथे लोंबकळतोय म्हटल्यावर माझ्या टेबलावरचा फोन कोणी उचलला असेल? खुद्द साहेबांनी. पायाखालची जमीन सरकली असं लिहिलं असतं, पण पायाखाली जमीन नव्हतीच.

हे साहेब तुमच्यानंतर आले, तुम्हाला माहीत नाहीत. त्यांच्या खिशात कायम मोजायचा टेप असतो, म्हणून आम्ही त्यांना टेपसाहेब म्हणतो. दुसऱ्या माणसाने मला ओढून काढून ऑफिसात आणल्यावर ते ओरडले असते तर मी पचवलं असतं. ते ओरडले नाहीत. सगळ्या ऑफिससमोर त्यांनी माझ्या पोटाला टेप लावला, आकडा बघितला आणि एक शब्द न बोलता टेप गुंडाळून खिशात ठेवला. मग खुर्चीवर बसून निकाल दिला, की महिनाअखेरीला ते स्वतःच्या डोळ्यांदेखत मला झडपेतून उतरवणार. उतरलो तर आहे ते काम आहे. नाही उतरलो तर वेळ पडल्यावर ज्याचा उपयोग नाही असा माणूस दिवसाच्या पाळीत कशाला, म्हणून रवानगी रात्रीच्या फोनवर, कायमची. तुम्ही म्हणाल, मग घे की रात्रपाळी, त्यात काय एवढं? मामा, तुमची सूनबाई लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. माणसं उपाशीपोटी येतात, म्हणून तिला उजाडायच्या आत घर सोडावं लागतं. मी घरी येईन तेव्हा ती गेलेली असणार. मधल्या वेळात थोरलीने आणि धाकट्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? दोघांपैकी एकाला नोकरी सोडावी लागणार, आणि कोण सोडणार हे मला कोणी विचारायला येणार नाही, सगळे तिच्याकडेच बघतील. आत्ता कुठे ती तिच्या विभागाची प्रमुख झालीय, दारावर तिच्या नावाची पाटी लागलीय. माझ्या पोटापायी तिने ती पाटी काढून घरी बसायचं? हा विचार आला आणि मला घास गिळवेना. (पहिला. पुढचे गिळवले.)

तेव्हा व्यायाम करायचा ठरवला. आता मला सांगा, कधी करायचा? ज्याला त्याला विचारावं तर एकच उत्तर, वेळ काढावा लागतो. कुठून काढतात हे कुणी सांगत नाही! वेळ काय नाकातला केस आहे, चिमट्याने ओढला की आला? सकाळी सूनबाई गेली की थोरलीची वेणी, धाकट्याचे बूट (त्याला डावा बूट मान्यच नाही, त्याला दोन उजवे हवे असतात), डबे, दप्तर, पाण्याच्या बाटल्या. त्यातून एकदा मी बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरून जोर काढायला घेतले. पहिला जोर निघतोय तोच धाकटा धावत येऊन पाठीवर बसला आणि 'चल घोड्या' म्हणाला. थोरली बाजूला उकिडवी बसून निरीक्षण करत होती. 'बाबा, तुझं पोट आधीच खाली पोचलंय, बाकीचं कधी येणार?' असं तिने विचारलं. आठ वर्षांची पोर मामा! संध्याकाळी म्हणावं तर गृहपाठ, कुकर, भांडी आणि धाकट्याची अंघोळ (ती अंघोळ आम्हा दोघांची होते, टॉवेल फक्त त्याला मिळतो). ही दमून आलेली असते, तिला म्हणवत नाही की तू कणीक मळ, मी जरा हातपाय हलवून येतो. तरी एकदा म्हटलं. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. कणीक मळणं हाही दंडांचा व्यायामच आहे, हे मला तिथल्या तिथे पटलं.

मग म्हटलं ऑफिसात करू. फोनवर बोलताना माणूस बसलाच पाहिजे असं थोडंच आहे? रिसीव्हर कानाला लावून मी उठाबशा काढायला लागलो. तेवढ्यात एका गृहस्थांचा फोन, लिफ्टमध्ये अडकलोय म्हणून. आपलं नेहमीचं, घाबरू नका, दीर्घ श्वास घ्या, माणूस निघालाय, हे सगळं मी त्यांना उठता बसता सांगत होतो. पण चौथ्या-पाचव्या उठाबशीला मला धाप लागली, बोलताना 'मा... णूस... नि... घा...' असं व्हायला लागलं, आणि पलीकडचे गृहस्थ कावरेबावरे झाले. अहो, तुम्ही बसा आधी, पाणी प्या, तुमच्याजवळ कोणी आहे का, असं ते मला विचारायला लागले! बंद लिफ्टमध्ये अंधारात उभा असलेला माणूस मला धीर देत होता. सुटका झाल्यावर त्यांनी परत फोन केला, स्वतःसाठी नाही, तुमचे ते फोनवरचे गृहस्थ वाचले का, हे विचारायला. तोही फोन साहेबांनीच उचलला. (त्यांना दुसरं काम आहे की नाही कोण जाणे.)

महिना निम्मा संपला आणि पोट जिथल्या तिथे. अशात एका रविवारी आमच्या इमारतीखाली उभा होतो, एका हातात भाजीची पिशवी, एका खांद्यावर झोपलेला धाकटा, आणि लिफ्टचं बटण दाबता दाबता माझा हात तसाच राहिला. मामा, वेळ समोर उभा होता! जिना! घरी तर जायचंच असतं, रोज, सातव्या मजल्यावर. वेगळा वेळ काढायचा प्रश्नच नाही. पण मी स्वतःला ओळखतो. लिफ्ट चालू असताना खांद्यावर पोर घेऊन जिन्याकडे वळणारा माणूस मी नव्हे. ताट वाढलेलं असताना उपास होत नाही. म्हणजे ताटच उचलायला हवं. मी वर गेलो, धाकट्याला झोपवलं, गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेलो, लिफ्टचा मेन स्विच खाली ओढला, आणि खाली येऊन दारावर आपली पाटी लावली, 'लिफ्ट बंद आहे, कृपया जिना वापरावा'. आयुष्यभर बंद लिफ्टा चालू करणाऱ्या माणसाने धडधाकट लिफ्ट बंद केली! आणि ही लिफ्ट कोणाची? तुमच्या हातची! तुम्ही बसवलीत म्हणून तर मी हे घर डोळे मिटून घेतलं. (तुम्ही मात्र अजून ते बघायला आला नाहीत. जन्मभर लिफ्टा बसवणाऱ्या माणसाचा लिफ्टवर विश्वास नसावा आणि सात मजले चढायला गुडघा तयार नसावा, याला काय म्हणावं?)

मला वाटलं होतं, लोक आरडाओरडा करतील. कसलं काय! आपल्याच इमारतीत लिफ्टवाला राहतो म्हटल्यावर सगळे निर्धास्त. एक भाग बिघडलाय, मागवलाय, एवढं मी सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी तर माझ्याबद्दल हळहळ व्यक्त केली, की दिवसभर लोकांच्या लिफ्टा बघून येतात आणि बिचाऱ्यांना घरी जिना चढावा लागतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेलो मात्र नाही, चढत राहिलो. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे काजवे, तिसऱ्यावर कानात शिट्ट्या, आणि चौथ्यावर मी कठड्याला धरून असा उभा राहिलो की धाकट्याने खाली उतरून माझं बोट धरलं आणि 'आलं हं घर' अशी माझी समजूत काढली.

चौथ्यावर एक काकू एकट्या राहतात. मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या, काका जाऊन पुष्कळ वर्षं झाली, समोरच्या घराला कायम कुलूप. इतकी वर्षं एका इमारतीत राहून मला त्यांच्याबद्दल एवढीही माहिती नव्हती, ही सगळी बंद लिफ्टची कृपा. त्या दिवशी त्यांनी दार उघडलं, मला बघितलं, आत जाऊन एक लाकडी स्टूल आणलं, माझ्या ढुंगणाखाली सरकवलं आणि न विचारता माझं मनगट धरून नाडी बघितली. मग म्हणाल्या, 'अजून आहेस.' दुसऱ्या दिवसापासून स्टूल बाहेरच राहिलं, शेजारी पाण्याचा तांब्या आला, आणि बघता बघता अख्ख्या इमारतीचा तिथे थांबा झाला. शिंपीणबाई तर तिसऱ्यावरच्या, त्यांना चौथ्यावर यायचं कारणच नाही, त्याही नाडी दाखवायला एक मजला जास्त चढायला लागल्या! पाचव्यावरच्या आणि दुसऱ्यावरच्या बिऱ्हाडांत पाणी गळतीवरून अबोला होता, त्यांची तिथे तांब्यावरून पहिली तू तू मैं मैं झाली आणि मग बोलणं सुरू झालं. थोरली गृहपाठ तिथेच करायला लागली, पाढा चुकला की काकू डोळे वटारतात म्हणे, माझ्या वटारण्याला ती भीक घालत नाही. आणि माझा पट्टा मामा, एक भोक आत गेला. मग आणखी एक. सात मजले मी आता एका दमात चढत होतो, चौथ्यावर थांबत होतो ते केवळ बोलायला.

पण मन खातच होतं. एवढ्या दिवसांत काकू एकदाही खाली उतरल्या नव्हत्या. माझ्या पोटासाठी मी एका म्हाताऱ्या बाईला चौथ्या मजल्यावर कोंडून ठेवलंय, हे एकदा डोक्यात शिरलं आणि मला स्वतःचीच शिसारी आली. तडक गच्चीवर गेलो, स्विच वर केला, खाली जाऊन पाटी काढली, लिफ्टने एक फेरी मारली. छान चालली. संध्याकाळी ऑफिसातून येतो तर लिफ्ट बंद! वर गेलो, स्विच चालू, फ्यूज ठीक, वायरी ठीक, मोटर ठीक. खाडखुड केलं, तरी ढिम्म. दुसऱ्या दिवशीही बंद! मामा, मला घाम फुटला. भाग बिघडलाय अशी थाप मारली होती, आणि खरंच काहीतरी बिघडलं होतं, आणि काय ते मला सापडत नव्हतं! जीभ झडते म्हणतात तसं काहीतरी यंत्राच्या बाबतीतही होतं की काय, असं वाटायला लागलं. कंपनीत कळवावं तर सगळं बिंग फुटणार. मशीन रूममध्ये मी पॅनल उघडून बसायचो आणि तारा माझ्याकडे बघायच्या. शेवटी एका दुपारी हताश होऊन जिन्यावर बसलो असताना ऑफिसातून माझ्या जागी बसलेल्याचा फोन आला, एक तक्रार आहे, काय सांगू? माझ्या तोंडून आपोआप निघालं, आधी म्हणावं सगळ्या मजल्यांचे दरवाजे नीट लागलेत का बघा. आणि मी ताडकन उठलो.

तुम्ही शिकवलेली पहिली गोष्ट! दिवसातून दहा जणांना मी फोनवर हेच सांगतो! एक दार जरी केसभर उघडं राहिलं तरी लिफ्ट हलत नाही, हे शाळेतली पोरंही सांगतील. पण मीच बंद केलेली लिफ्ट माझ्याशिवाय दुसरं कोणी कशाला बंद करेल, या गुर्मीत मी एकही दार बघितलं नव्हतं. आता बघत निघालो. सातवा ठीक, सहावा ठीक, पाचवा ठीक. चौथ्यावर लिफ्टच्या दाराच्या तळाशी, फटीत, कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा बसवलेला होता. इतका बेताने, की बघणाऱ्याला दार बंदच वाटावं. मी वर बघितलं. काकू त्यांच्या दारात उभ्या होत्या, आणि घाबरलेल्या मुळीच नव्हत्या. घाबरलो मी.

त्या म्हणाल्या, तू बंद केलीस तेव्हा मी काही बोलले का? मी गारठलो. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं! हातात अवजारांची पिशवी न घेता दुरुस्तीला जाणारा मेकॅनिक मी पहिल्यांदाच बघितला, म्हणाल्या. काकू, असं का, एवढंच मला विचारता आलं. लिफ्टच्या दाराला उभी अरुंद काच आहे ना, ती तुम्हीच बसवलीत, तिच्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, 'वीस वर्षं या काचेत तुम्हा सगळ्यांची तोंडं बघतेय. येतं आणि जातं. बरं आहे का म्हणून हात वर करेपर्यंत माणूस पाचव्यावर पोचलेला असतो.' मग म्हणाल्या, मला खाली जायचंच नव्हतं रे, मला कोणीतरी वर यायला हवं होतं. मामा, काढून हातात घेतलेला चिमटा मी परत होता तिथे लावला.

आणि मग महिनाअखेर आली, आणि माझ्यावर वीज कोसळली. सहाव्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी (तेच, जे स्टुलावर सगळ्यात जास्त वेळ बसायचे!) कंपनीत तक्रार केली होती. टेपसाहेब म्हणाले, वा, तुमच्याच इमारतीत तक्रार आहे, तुमची परीक्षाही तिथेच घेऊ, एका दगडात दोन पक्षी. तिथे गेल्यावर त्यांनाही जिना चढावा लागला. तिसऱ्यावर त्यांचा चेहरा लाल, चौथ्यावर जांभळा. काकूंनी स्टूल सरकवलं, नाडी धरली आणि साहेबांना असं काही झापलं, की या वयात ही नाडी म्हणजे लाज आहे, व्यायामाला वेळ नाही हे मला ऐकवायचं नाही. साहेब चक्क मान खाली घालून पाणी प्यायले. तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. चिमटा गायब! काकूंकडे बघितलं, तर त्यांच्या खांद्यावरची शाल त्याच चिमट्याने नीट टाचलेली होती. दार नीट लागत नव्हतं, एवढंच मी साहेबांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

केबिन तिसऱ्यावर होती, म्हणजे तिचं छत चौथ्याच्या दारातून गाठता येत होतं. साहेब केबिनमध्ये टेप घेऊन उभे राहिले, मी छतावर, आणि मागे जिन्यावर सगळी इमारत. शिंपीणबाई, हेडमास्तर, थोरली, तिच्या खांद्यावर हात टाकून धाकटा, आणि कधी नव्हे ती दुपारची रजा काढून आलेली तुमची सूनबाई. तिने हातातली पर्स छातीशी घट्ट धरली होती. झडप उचलली. पाय गेले. मांड्या गेल्या. डोळे मिटले, श्वास सोडला, आणि मामा, मी गेलो! अल्लाद! साहेबांच्या समोर दोन पायांवर उभा! वरून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला आणि पाठोपाठ थोरलीचा आवाज, की बाबा, तुझी पँट वर राहिलीय. पट्टा आवळून आवळून मी एवढा बारीक झालो होतो, की झडपेच्या कडीला अडकलेली पँट मला सोडून तिथेच लटकत होती. साहेबांनी माझ्या पोटाला टेप लावला, आकडा बघितला आणि म्हणाले, माणूस पास. पँटबद्दल नियमात काही नाही. सूनबाई हसत होती आणि डोळेही पुसत होती, दोन्ही एकदम.

तर अशी सगळी हकिगत. दिवसाची पाळी कायम, पाटी तिच्या दारावर कायम, लिफ्ट चालू. मी मात्र रोज न चुकता जिन्यानेच चढतो आणि व्यायामाला वेळ मिळत नाही म्हणणाऱ्यांना चार शब्द सुनावतो. मुलांचा तुम्हाला नमस्कार. गुडघ्याला जपा, औषध प्या, फोन उचला.

तुमचा (थोडा उरलेला) भाचा

ता. क. वरचा मजकूर सूनबाईने वाचला आणि 'रोज न चुकता' याच्याखाली रेघ मारली. ठीक आहे. लिफ्ट चालू झाल्याला आठवडा झाला आणि मी एकदाच चढलो. काल पिशवी होती, धाकटा झोपला होता, ताट वाढलेलं होतं, गेलो लिफ्टने. चौथा आला. काचेत काकू दिसल्या. स्टूल अजून बाहेर, त्या त्याच्यावर एकट्या बसलेल्या. मला बघून त्यांनी हात वर करायला घेतला, आणि मी पाचव्यावर होतो. मामा, काल जेवण खरंच गेलं नाही, एकही घास.

ता. क. २ म्हणून आता ज्या कामासाठी हे पत्र लिहिलं ते. तुम्ही एकदा कुठल्याशा इस्पितळाच्या लिफ्टला एका ठरावीक मजल्यावर थांबल्याशिवाय वर जाता येणार नाही अशी जोडणी करून दिली होती. ती कशी केलीत? मला आमची लिफ्ट वर जाताना प्रत्येक वेळी चौथ्यावर थांबवायची आहे. सुरक्षेची नवी पद्धत म्हणून सांगेन, लोकांचा माझ्यावर विश्वास आहे. नियमात बसत नाही ते मला ठाऊक आहे. तुमचं पॅनल आहे, तुमच्या तारा आहेत, माझ्या एकट्याच्याने होणार नाही. तुम्हाला यावं लागेल. लिफ्टने नका येऊ, चार मजले चढून आलात की बसायला स्टूल आहे.

ता. क. ३ एक राहिलंच. परवा सहज म्हणून मी आमच्या लिफ्टची झडप मोजली. (साहेबांनी मला मोजलं, झडपेला टेप लावलाच नाही.) कंपनीच्या बाकी सगळ्या झडपांपेक्षा ती चांगली वीतभर मोठी आहे, आणि कडा करवतीने कापलेल्या आहेत. मी सर्द झालो आणि तसाच काकूंकडे गेलो. त्या म्हणाल्या, लिफ्ट बसवायला एक जाडा मेकॅनिक यायचा, लिफ्टमध्ये कधी बसायचा नाही, जिन्याने यायचा, चौथ्यावर पाणी मागायचा आणि काकांशी तासभर बोलायचा. पहिल्याच दिवशी झडपेत अडकला, काकांनी आणि त्यांनी मिळून ओढून काढला. दुसऱ्या दिवशी त्याने झडप कापून मोठी केली आणि कोणाला सांगू नका म्हणून हात जोडले. वीस वर्षं त्यांनी कोणाला सांगितलं नाही, मलाही नाव सांगितलं नाही. फक्त विचारलं, तो अजून जिना चढताना मधे पाणी मागतो का? मी म्हटलं, विचारून कळवतो.